काउंटर क्रमांक तीन

पतसंस्थेनं मोडीत काढलेला हा डबा
बाबांनी सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून आणला होता.
कपाळावर अजून स्टिकर आहे:
काउंटर क्र. ३, कृपया रांगेत उभे राहा.
त्यामुळंच असेल,
तो सगळं रांगेत उभा राहून करतो.
मी स्टिअरिंग वळवतो
आणि गाडी अर्ध्या श्वासानं उशिरा वळते,
तोवर मी दरीत.

वडगावात साडेनऊला शेजारचे माग थांबतात,
मग याचा पंखा ऐकू येतो,
दमेकऱ्यासारखा.

सहा महिने उद्यमबागेत बुश टर्न केले,
ओव्हरटाइमचे साडेसहा हजार
पाकिटात न ठेवता टिफिनच्या पिशवीत ठेवले
आणि रविवारी गेलो खडेबाजाराच्या मागं,
जिन्याखालच्या दुकानात, निंगराज हुक्केरीकडं.
तो आईशी फोनवर कन्नडात भांडत होता,
माझ्याशी मराठीत बोलला,
आणि स्क्रू घसरला तेव्हा शिवी हिंदीत दिली.

मी म्हटलं, ग्राफिक कार्ड.
"पायात चप्पल नाही, आणि फेटा काय बघुलालास?
आधी एसएसडी घाल की. रॅम एकच हाय, तिला जोडीदार दे.
कार्ड दसऱ्याला बघू."

त्यानं बाजूचा पत्रा काढला
आणि गप्प झाला.
आत पंखा नव्हताच, लवेची गादी होती.
"घरात माग हाय काय तुमच्या?"
होता, म्हटलं.
वरचा थर मोरपंखी: चिकोडेंच्या मागावरची ही दिवाळी.
त्याखाली लाल, त्याखाली हळदी,
आणि अगदी आत, पात्यांच्या मुळाशी, जांभळा.
जांभळा आमचा.
शेवटचं लुगडं, मग माग भंगारात गेला,
किलोच्या भावानं.

थांब म्हणायच्या आत त्यानं ब्लोअर लावला.
सगळे रंग एकदम उडाले,
जांभळा जाऊन बसला
भिंतीवरच्या कन्नड कॅलेंडरवर,
अमावास्येच्या चौकोनात.

प्रोसेसरवर हरभऱ्याच्या डाळीएवढी पेस्ट.
एसएसडी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी,
तिला अठराशे मोजताना हात जड झाला.
रॅमची दुसरी पट्टी जुनी मिळाली, दुसऱ्याच कंपनीची,
पहिलीपेक्षा चालीनं जलद.
"चालेल?"
"चालेल की. जलदवाली हळूवालीच्या पावलानं चालणार,
पण दोघी चालणार."
असं म्हणून त्यानं परत आईचा फोन उचलला.

घरी चालू केला.
विंडोज आली तेव्हा मी अजून खुर्ची ओढत होतो.
घाटाचं वळण घेतलं,
आणि गाडी माझ्याबरोबर वळली,
हाताच्या मागं नाही,
हातात.

बाबा दारात उभे.
कोपऱ्यातला हिरवा आकडा बघत:
अठ्ठावन्न, साठ, एकोणसाठ.
"हे मिनिटाला?"
सेकंदाला, म्हटलं. साठ चित्रं.
त्यांनी ओठांत काहीतरी गुणलं.
"आमचा मिनिटाला एकशेवीस धोटे,"
एवढंच बोलले, आणि हरल्यासारखं नाही बोलले.

पाचव्या मिनिटाला आकडा एकेचाळीसवर पडला.
मला दिसायच्या आधी त्यांना ऐकू आलं.
"आवाज बदलला बघ. तापुलालंय."
डबा जमिनीवरून उचलून
त्यांनी तो बॉबिनच्या रिकाम्या पेटीवर ठेवला,
भिंतीपासून वीतभर लांब.
आत जाऊन विरळ विणीचं एक फडकं आणलं,
तोंडाला बांधतात तसं हवेच्या जाळीवर ताणलं,
उजेडाकडं धरून आधी विणीची भोकं तपासली होती.
"लव बाहेर राहील. आठवड्याला झटकायचं,
विसरलास तर मी झटकतो."

एकोणसाठ. साठ. साठ.
स्टिकर उचकटायला मी नख लावलं होतं,
तसंच राहू दिलं.

त्यांनी स्टूल ओढलं,
माझ्या मागं नाही, शेजारी,
आणि कान डब्याकडं करून म्हणाले,
"परत एकदा वळव की."